चारचा कंडेन्सर

आमच्या अमळनेरात आवाजाच्या प्रती दोनच. एक, 'येतोय का आवाज?' आणि दुसरी, 'कडक!' या दोहोंच्या मध्ये काही असतं, सतारीच्या तारेवरून मिजराब, म्हणजे बोटात घातलेली तारेची नखी, सुटताना एक बारीकशी खर निघते आणि ती ऐकण्यासाठी माणूस पैसे खर्च करतो, हे इथे कुणाला पटवून दाखवा. लग्नाच्या डीजेने खिडकीची काच थरथरली तर डीजे चांगला. तडकली तर त्याचा नंबर घेऊन ठेवायचा.

अशा गावात मी 1978 सालचे दोन स्पीकर घेऊन आलो.

स्पीकर भुसावळचे. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या पश्चात मुलं घर रिकामं करत होती. माल इंग्लंडचा, वर सागाचा पातळ पापुद्रा, वजन एकेकाचं 20 किलोच्या पुढे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काही संबंध नाही. मावसभावाचा छोटा हत्ती रावेरकडून केळी उतरवून रिकामा परत येत होता, त्यात खाली केळीचा पाला अंथरलेलाच होता. तेव्हा दोन्ही पेट्या हिरव्या पानांवर निजून, वरूनही पानं पांघरून दारात आल्या. आईने ओट्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पूजा कशानी शे?"

पुढची जाळी काढली तेव्हा कळलं की पूजा दीर्घ चालणार. वूफरचा, म्हणजे जाड आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कागदी कोन आणि त्याची लोखंडी चौकट यांच्यामध्ये एक मऊ कडा असते, कोनाला पुढेमागे हलायला मोकळीक मिळावी म्हणून. 1954 साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगच्या कामाला लावलं, आणि मग ही कडा जितकी मऊ तितकी बरी असं झालं. पुढे ती पॉलियुरेथेन फोमची होऊ लागली. फोम स्वस्त, हलका, लवचिक. फक्त हवेतला ओलावा त्याला आतून तोडत जातो आणि 15-20 वर्षांत त्याचं आयुष्य संपतं. माझ्या स्पीकरचं त्याच्या दुप्पट वय झालेलं. मी बोट लावलं आणि कळण्याच्या शिळ्या भाकरीसारखा त्याचा भुगा सतरंजीवर पडला.

"मोडलं?" बायकोने आतून विचारलं. तिला दिसत नव्हतं, तरी तिने विचारलं.

मी आधी गेलो मोटारी भरणाऱ्याकडे. गावात गुंडाळीचं काम करणारा भरवशाचा माणूस तोच. विहिरीतल्या पाच एचपीच्या मोटारी भरतो, सीझनला श्वास घ्यायला सवड नसते. त्याने मल्टिमीटरचे काटे वूफरला लावले आणि चेहरा गंभीर केला.

"भाऊ, मागे आठ ओहम लिहिलंय. मीटर सहा दाखवतंय. दोन ओहम जळाले. भरावं लागेल."

स्पीकरवर लिहिलेले 8 ओहम हे चालत्या आवाजाच्या वेळचे, ढोबळ मानाने धरलेले असतात. मीटर मोजतं तो नुसत्या तारेचा रोध, आणि तो सहाच्या आसपासच यायला हवा. हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे, ज्याची मोटर जळाली आहे पण जो मान्य करत नाही अशा शेतकऱ्याकडे पाहतात तसं पाहिलं. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी बोलेन. 1925 मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा साचा मांडला, तो मुळात मोटारीचाच भाऊ आहे: चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, वीज सोडली की ती हलते. एक गोल फिरते आणि पाणी काढते, दुसरी पुढेमागे हलते आणि भैरवी काढते. शंभर वर्षांत यात मूलभूत असं काही बदललेलं नाही. तेव्हा "मोटरच आहे ही" हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भरायला मात्र मी दिलं नाही.

नवा फोम टपालाने आला. जुना खरवडून, कोनाची कडा स्पिरिटने पुसून, नवा डकवायचा. सांगायला एक ओळ, करायला आख्खी वैशाखातली सकाळ, कारण नऊ वाजले की पारा चढायला लागतो आणि पांढरा डिंक ब्रशवरच साय धरतो. त्यातली खरी मेख वेगळी. तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीत बरोबर मध्यावर राहिली पाहिजे. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागा. जरा कलली की घासते, आणि मग गाणारा कोणीही असो, त्याला दमा होतो. यासाठी मधली टोपी कापून गुंडाळीच्या आत पातळ, सारख्या जाडीच्या पट्ट्या खोचतात आणि डिंक वाळला की काढून घेतात. या पट्ट्यांना एक्सरेच्या फिल्मइतकं चांगलं काही नाही. वाकते, पण चुरगळत नाही. जाडी सगळीकडे एकच.

एक्सरे आमच्या कपाटावर होता. आईच्या उजव्या गुडघ्याचा, ऑपरेशनच्या आधीचा. तो गुडघा काढून डॉक्टरांनी नवा बसवलेला असल्यामुळे, जो गुडघा आता अस्तित्वातच नाही त्याचा फोटो कापायला हरकत नसावी असा माझा सरळ हिशोब.

"मना गुडघा कोठे शे?" संध्याकाळी आईने विचारलं.

तो त्या वेळी दोन वूफरमध्ये वाटलेला होता. मी हिशोब समजावून सांगितला. आईने ऐकून घेतला.

"तुना आजा बी नही आते. त्याना भितवरला फोटू काढी टाकू का?"

डिंक वाळला, पट्ट्या निघाल्या. (त्या पुन्हा लिफाफ्यात घालून कपाटावर ठेवल्या आहेत. आई म्हणते, राहू दे.) गुंडाळी घासते का ते पाहण्यासाठी अगदी खालचा, 30 हर्ट्झचा स्वर सोडायचा असतो. तो कानापेक्षा पोटाला जास्त कळतो. मी मोबाइलवरून तो सोडला, कोन संथपणे पुढेमागे डोलू लागला, खरखर नाही, मला कृतकृत्य वाटलं. आईला वाटलं समोरची पिठाची चक्की सुरू झाली, आणि ती डबा घेऊन उठली. शेजारचे नाना भिंतीला हात लावत लावत आत आले. भूकंप नाही याची खात्री झाल्यावर ते स्पीकरसमोर मांडी घालून बसले. बराच वेळ बसले.

"गानं कव्हय लागी?"

नाना जिनिंगमध्ये आयुष्य काढलेले. पेटीत आत काय आहे ते त्यांनी वाकून पाहिलं. आवाज आतल्या आत आपटू नये म्हणून पेटीत लोकर किंवा तसलंच काही भरलेलं असतं. माझ्या पेटीत त्याचं रूपांतर भुसावळच्या उंदरांच्या बाळंतिणीच्या खोलीत झालेलं होतं. नाना काही न बोलता घरी गेले आणि पोतं घेऊन आले. भाव येईल या आशेवर आमच्या भागात कापूस घरात ठेवायची रीत आहे. कधी तो पलंगाखाली असतो, कधी पलंगच त्याच्यावर असतो. त्यातला आणला. त्यात सरकी होती. ती वेचताना आईचा, बायकोचा आणि पुतण्याचा रविवार गेला, कारण एक जरी सरकी राहिली तरी तबल्याबरोबर खुळखुळणार. नानांना तो खुळखुळा चालला असता. पोतं रिकामं झाल्यावर ते दारातून वळून म्हणाले, "भाव वाढना ते मांगी लिसू."

लाकडाला जवसाचं तेल दिलं. त्याविषयी एकच सांगतो, पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, गरम होतं, आणि बोळ्यातली ऊब बाहेर न पडल्यास चिंधी आपली आपण पेटते. बायकोला हे सांगितल्यापासून ती माझं काहीही कोपऱ्यात राहू देत नाही.

आता कपॅसिटर. स्पीकरमध्ये येणाऱ्या आवाजाची वाटणी करावी लागते: जाड आवाज वूफरकडे, बारीक ट्वीटरकडे. ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर बसलेला असतो, तो जाड आवाजाला अडवतो. जुन्या काळी तिथे दोन्ही दिशांना चालणारा इलेक्ट्रोलिटिक घालत, आणि तो वर्षानुवर्षं आतून सुकत जातो. मला हवे होते 8 मायक्रोफॅरड (कपॅसिटर मोजायचं माप). 8 ओहमच्या ट्वीटरला एवढ्यात साधारण 2500 हर्ट्झच्या वरचा मजकूर मिळतो. पण मिळायचा कुठे?

हे तेच अमळनेर, जिथे 1945 साली वनस्पती तूप करायला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली आणि पुढे तिची संगणकवाली विप्रो झाली. ज्यांच्या आजोबांनी तेव्हा शेअर घेऊन ठेवले त्यांची नातवंडं आज कपॅसिटर कशाशी खातात हे माहीत नसताना सुखात आहेत. आमच्या आजोबांनी त्याच सुमारास बैलजोडी घेतली. (आई म्हणते तोच तो भितवरला फोटो, त्यात बैलही आहेत.)

इलेक्ट्रिकच्या दुकानात मी "आठ मायक्रोफॅरडचा, नॉन-पोलर" असं म्हणालो. दुकानदाराने गिऱ्हाइकांची गर्दी थांबवून विचार केला.

"कंडेन्सर म्हणा ना भाऊ. पंख्याचा अडीचचा देऊ का कूलरचा चारचा?"

मी हसणार होतो. पण डबी हातात घेतली आणि हसू जागच्या जागी थांबलं. कूलरच्या मोटरचा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा असतो, 440 व्होल्ट एसी सोसणारा, ना प्लस ना मायनस, न सुकणारा. स्पीकरचे शौकीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्या जातीच्या मालाला हुंगत फिरतात, तीच जात. फक्त नाव कुलीन नाही. आणि दोन कंडेन्सर समांतर जोडले की बेरीज होते: चार आणि चार आठ. प्रत्येक पेटीत दोन, असे चार घेतले. सगळे मिळून एका चांगल्या शेवभाजीच्या ताटाएवढे पैसे झाले नसतील.

वाजले. शप्पथ सांगतो, वाजले! पहाटे पाचला, दूधवाल्याच्या आधी, मी सतार लावली आणि ती खर ऐकली. दोन्ही पेट्यांच्या मधोमध, जिथे नुसती भिंत आहे आणि आजोबांचा फोटो आहे, तिथे कुणीतरी बसून वाजवत होतं.

सहा वाजता आईने कूलर लावला.

कूलर म्हणजे आमच्या घरातला वडीलधारा माणूस. पत्र्याचा, अठरा इंची पंख्याचा, खिडकीत पाय रोवून उभा. मे महिन्यात पारा 44-45 ला पोचतो तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस घरात राहू शकत नाही. स्टिरिओचं शास्त्र सांगतं की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. मी सुतळीने मापून काढला. त्रिकोणाचं तिसरं टोक नेमकं आईच्या खाटेवर येतं, कारण कूलरचा झोतही तिथेच येतो. त्या जागी बसलं की डाव्या कानात सतार, उजव्या कानात सतार, आणि टाळूवर घर्रर्र. कूलर अर्धा तास बंद ठेवू या, असा विषय मी एकदा जेवताना काढला. कुणी काही बोललं नाही. पुतण्याने पाणी मागितलं.

पहाटेची वेळ उरली होती, ती सखाराम महाराजांच्या यात्रेने नेली. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते. पाळणे, खेळणी, भांडी, आणि प्रत्येकाचा आपला आपला कर्णा. हरवलेल्या मुलांची नावं माझ्या दिवाणखान्यात अत्यंत स्वच्छ ऐकू येत होती, तीही नवा फोम न घालता.

आणि एका दुपारी कूलर थांबला. नुसता गुणगुणत होता, पंखा फिरत नव्हता. पुतण्याने जाळीतून काडी घालून पात्याला ढकललं, तर फिरू लागला. बंद करून लावला, तर पुन्हा गुणगुण. ही लक्षणं खान्देशातलं शेंबडं पोरही ओळखतं. घरात मात्र केवढी शांतता होती! मी घाम पुसत स्पीकरकडे सरकलो, सतार लावली, आणि पहिला स्वर निघाला तेवढ्यात पुतण्या म्हणाला,

"काका, कंडेन्सर गेलाय. चारचा."

दुकान बंद होतं. दुपारी एक ते चार अमळनेरात दुकानं नाही, पापण्या उघड्या ठेवणंही कठीण. बायकोने कूलरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग सावकाश माझ्या डाव्या स्पीकरकडे पाहिलं.

"अहो, त्यात तर दोन दोन घातलेत ना तुम्ही?"

मी 2500 हर्ट्झविषयी बोललो. आठाचे चार झाले की वाटणीची रेघ 5000 वर जाते, मधला एवढा मोठा पट्टा ट्वीटरला मिळतच नाही, हेही बोललो. बोलत असतानाच स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात आला. तो कुणी दिला ते आठवत नाही. दहा मिनिटांत कूलर घोंघावू लागला आणि आई भिंतीकडे तोंड करून घोरू लागली.

संध्याकाळी नाना आले, कापसाचा भाव पन्नास रुपयांनी उतरल्याचं सांगून खाली बसले. मी उजवा स्पीकर ऐकवला, मग डावा ऐकवला, काही न सांगता. नानांनी डोळे मिटले. कूलर चालूच होता.

"हाऊ डावा," ते म्हणाले, "आते बराबर वाजी ऱ्हायना. त्या उजवानाबी एक काढी टाक."