किनॉकनं शेफिल्डमध्ये निवडणूक घालवली? आकडे तरी बघा राव

ब्रिटनच्या इलेक्शनचा विषय निघाला की कुणीतरी ती जुनी क्लिप टाकतंच. १ एप्रिल १९९२, शेफिल्डमध्ये लेबर पार्टीची दहाएक हजार लोकांची जंगी सभा, पार्टीचा नेता नील किनॉक हेलिकॉप्टरनं आलेला, स्टेजवर जाऊन बेभान होऊन "वी आर ऑल राइट!" म्हणून पुन्हा पुन्हा ओरडतोय. आणि सोबत ठरलेली वाक्यं: हातातली निवडणूक एका रात्रीत घालवली, नऊ वर्षं विरोधी पक्षनेता होता पण बडबडीशिवाय काही केलं नाही, साधा मंत्रीही कधी नव्हता.

आधी ते "हातातली" बघू. लेबर ७ टक्क्यांनी पुढे असल्याचा जो पोल सगळे दाखवतात तो त्याच सभेच्या दिवशी आला. ९ एप्रिलला मतदान झालं, टोरी म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह पार्टी ४१.९ टक्के, लेबर ३४.४. म्हणजे आठ दिवसांत साडेचौदा टक्क्यांचा फरक आणि तो का, तर एक माणूस माइकवर ओरडला म्हणून? अहो, मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून बीबीसीनं जो अंदाज दिला त्यात टोरींच्या जागा ३०१ आणि लेबरच्या २९८ होत्या, प्रत्यक्षात आल्या ३३६ आणि २७१! नंतर पोलवाल्यांच्याच संघटनेनं चौकशी केली तर सॅम्पलच गंडलेलं निघालं, शिवाय बरेच टोरी मतदार आपलं मत सांगतच नव्हते. शेवटच्या दिवसांत काही लोक खरंच फिरले, हेही त्या चौकशीत आहे, ते मी लपवत नाही. पण टोरींनी जानेवारीपासूनच "लेबरचा टॅक्स बॉम्ब" म्हणून पोस्टर लावली होती आणि मार्चमध्ये लेबरचं अर्थखातं सांभाळणाऱ्या जॉन स्मिथनं आपलं पर्यायी बजेट मांडून त्यांना आयतं कोलीत दिलं. खिशाला चाट बसणार म्हटल्यावर माणूस घाबरतो, सभेतल्या आरोळीला कशाला घाबरेल.

आता "नऊ वर्षं बडबड". १९८३ ला लेबरची काय अवस्था होती ते बघा, २७.६ टक्के मतं, २०९ जागा आणि लिबरल आणि लेबरमधून फुटलेली एसडीपी यांची आघाडी २५.४ टक्क्यांवर, म्हणजे पार्टी तिसऱ्या नंबरवर जायची तेवढी राहिली होती. ते घर ऑक्टोबरमध्ये ४१ वर्षांच्या किनॉकच्या गळ्यात पडलं. त्यात लगेच खाण कामगारांचा वर्षभराचा संप, आणि हा स्वतः वेल्सच्या खाणकामगाराचा पोरगा, संपाला नाही म्हणवेना आणि मतदान न घेता केलेल्या संपाला हो म्हणवेना. पण १९८५ ला बोर्नमथच्या अधिवेशनात त्यानं पार्टीतल्याच कट्टर डाव्या मिलिटंट गटाला भर सभेत झोडलं. या गटाच्या ताब्यातली लिव्हरपूलची लेबरचीच महापालिका आपल्याच कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढायच्या नोटिसा टॅक्सी करून वाटत फिरतेय, हे त्यानं तोंडावर सुनावलं, तिथला पालिकेचा उपनेता डेरेक हॅटन खालून "खोटारडा" म्हणून ओरडत होता, लिव्हरपूलचाच खासदार एरिक हेफर स्टेजवरून उठून चालता झाला. याला बडबड म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पुढे एकतर्फी अण्वस्त्र सोडायचं धोरणही पार्टीनं त्याच्याच काळात सोडलं, आणि हा स्वतः आयुष्यभर त्याच मताचा होता, त्यामुळे "शब्द फिरवला" हा टोमणा त्याला बसला आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. जागा मात्र २०९ च्या २२९ झाल्या आणि मग २७१.

मंत्री नव्हता, हे खरं. १९९७ ला पंतप्रधान झाला तेव्हा टोनी ब्लेअर तरी कुठे कधी मंत्री होता?

बाकी किनॉकला शिव्या घालायच्याच असतील तर योग्य जागी घाला. २७ जानेवारी १९८६, वेस्टलँड प्रकरण, म्हणजे अडचणीत आलेली वेस्टलँड कंपनी कुणी वाचवायची यावरून थॅचर सरकारातच पेटलेलं भांडण. तीही हेलिकॉप्टर कंपनीच, या माणसाचं हेलिकॉप्टरशी काय वाकडं होतं देव जाणे. दोन मंत्री राजीनामा देऊन बसलेले, सरकारी वकिलाचं पत्र कुणी फोडलं यावरून थॅचरबाई पुरत्या अडकलेल्या, संध्याकाळी सहापर्यंत मी पंतप्रधान असेन की नाही असं त्या स्वतःच आपल्या माणसांना म्हणाल्या होत्या. संसदेत नेमके दोन-तीन टोकदार प्रश्न विचारायचे होते. किनॉक उठला आणि लांबलचक भाषण ठोकत राहिला, बाई सहीसलामत सुटल्या. खरी हातातली संधी ती होती. पण तिचा व्हिडिओ कुणी टाकणार नाही, कारण हाउस ऑफ कॉमन्समध्ये टीव्हीचे कॅमेरेच आले नोव्हेंबर १९८९ मध्ये.