पृथ्वी वाचवा, पण आधी केवायसी करा

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. पृथ्वीचा ताप उतरवण्याचं जे काम वर्षानुवर्षं परिषदा भरवूनही बड्या बड्या देशांना जमलं नाही, ते आता अडीच एकर कोरडवाहू, सामायिक विहीर आणि एक म्हैस एवढी मालमत्ता असलेल्या तुमच्याकडे आलं आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये भारताने ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2070 पर्यंत नेट झिरो गाठायचा, म्हणजे जेवढे तापवणारे वायू सोडू तेवढेच शोषून घ्यायचा, शब्द दिला. तेव्हा तुम्ही कापूस वेचत असाल, म्हणून तुम्हाला विचारायचं राहून गेलं. पण तिथे तुमची कुणालाच आठवण नव्हती असं समजू नका. मिथेन कमी करायच्या जागतिक करारावर भारताने सही केली नाही, कारण मिथेन निघतो भातखाचरातून आणि गुरांच्या पोटातून, आणि खाचरं नि गुरं तुमची. तुमच्या म्हशीने निर्धास्त रवंथ करावा याची तजवीज थेट परराष्ट्र पातळीवर झालेली आहे. म्हशीला कळवा.

म्हैस सुटली, तुम्ही नाही. देशातल्या हरितगृह वायूंमध्ये शेतीचा वाटा सुमारे 14 टक्के आहे, त्यामुळे तुम्हाला हवामानस्नेही व्हावंच लागेल. कसं व्हायचं ते पुढे सांगतो. लिहून घ्या, आणि लिहिलेल्याची झेरॉक्स काढून ठेवा.

आधी पैशाचं बोलू. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये, चार-चार महिन्यांनी 2000 चे तीन हप्ते. म्हणजे दिवसाला 16 रुपये 44 पैसे. 2023 पासून महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच जोडले, म्हणजे 32 रुपये 88 पैसे. एवढ्या रकमेत सन्मानाने काय करता येईल याचा विचार करा. घाई नाही, पुढच्या हप्त्याला अवकाश आहे. मात्र त्याआधी आधार बँकेला जोडलेलं पाहिजे, केवायसी पाहिजे, फार्मर आयडी पाहिजे, आणि मुख्य म्हणजे सातबाऱ्यावर नाव पाहिजे. तुम्ही दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा बटाईने कसत असाल, तर घाम तुमचा आणि सन्मान मालकाचा, अशी विभागणी आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर आणि खुरपं बायकोच्या हातात असेल, तर ती माउली शेतकरी आहे हे फक्त तणाला माहीत असतं. सरकारदरबारी तणाची साक्ष चालत नाही.

हा निधी मिळवायला तुम्ही काय पेरता, किती पाणी उपसता, काय जाळता याची चौकशी होत नाही, हे त्याचं खरोखरचं चांगलं अंग. उपरोधाने म्हणत नाही. चौकशी करणारे पैसे वेगळ्या खिडकीवर मिळतात, आणि त्या खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत. तुमची हवामानसेवा इथूनच सुरू होते.

उदाहरणार्थ युरिया. 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना. 2018 पर्यंत पोतं 50 किलोचं होतं. शेतकरी किलोवर नाही, पोत्यावर हिशेब करतो, हे दिल्लीत कुणीतरी अचूक ओळखलं आणि तुमचा खताचा वापर कमी व्हावा म्हणून पोतंच पाच किलोने हलकं केलं. त्याआधी 2015 मध्ये सगळ्या युरियाला कडुनिंबाचा लेप दिला होता. नंतर 2021 मध्ये बाटलीतला नॅनो युरिया आला. 2023 मध्ये पीएम-प्रणाम आली: जे राज्य रासायनिक खत कमी वापरेल, त्याला वाचलेल्या अनुदानातला निम्मा वाटा. 2024 मध्ये नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं, खर्च 2481 कोटी. लेप दिला, पोतं घटवलं, बाटली आणली, बक्षीस लावलं, अभियान काढलं. फक्त एक गोष्ट राहिली. 2010 साली स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशच्या (पोटॅश) खतांचे भाव सैल सोडले, तेव्हा युरियाला त्या योजनेबाहेर ठेवलं होतं, आणि तो अजून बाहेरच आहे. बाकीची खतं महाग, युरिया पाण्याच्या भावात. मग शिवारात काय जास्त पडणार, हे कळायला कृषी विद्यापीठाची पदवी लागत नाही.

पिकाने न उचललेल्या, युरियातल्या नत्राचा (नायट्रोजनचा) काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. 2022-23 मध्ये खतांवरचं अनुदान अडीच लाख कोटींच्या वर गेलं होतं. त्याच्यासमोर नैसर्गिक शेतीचे 2481 कोटी ठेवून पाहा: शंभराला एक. हा एक रुपया तुम्हाला शेण-गोमूत्राचं जीवामृत ढवळायला सांगतो, आणि बाकीचे नव्व्याण्णव खतांच्या रांगेत उभं राहायला. माझा सल्ला सोपा आहे. सरकारी सल्ला आणि सरकारी दर यांचं भांडण झालं तर दराचं ऐका. सल्ला देणारे साहेब बदलीने जातात.

रांगेत उभे आहातच, तर थोडे जास्तीचे पैसे जवळ ठेवा. युरिया मागितल्यावर दुकानदार त्यासोबत एखादं टॉनिक, नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी पुढे सरकवेल. याला लिंकिंग म्हणतात. ते बेकायदा आहे, आणि ती पिशवी घेतल्याशिवाय युरिया नाही, ही दोन्ही विधानं एकाच काउंटरवर खरी असतात.

आता पाणी. हवामान बदलतंय, पाऊस लहरी झालाय, भूजल खाली चाललंय, तेव्हा थेंब थेंब वाचवा, असं सरकारचं म्हणणं आहे. त्यासाठी ठिबकला अनुदान आहे. लहान शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेतून 55 टक्के, वर राज्याची भर. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, नंबर लागायची वाट बघा, स्वतःच्या पैशाने संच बसवा आणि मग अनुदानाची वाट बघा. ठिबक म्हणजे थेंब थेंब, हे तत्त्व अनुदानाच्या वाटपातही काटेकोर पाळलं जातं. दुसरीकडे 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत. रात्रीच्या पाळीला कुणी उठून बसत नाही. ऑटो टाकलेला असतो, लाइट आली की मोटर आपली आपण चालू, विहिरीचा तळ लागेपर्यंत. तिसरीकडे मागेल त्याला सौर कृषिपंप: दहा टक्के तुम्ही भरायचे, बाकी सरकारचं. सौरपंप चांगलाच. दिवसा पाणी मिळतं, रात्री शेतात साप-विंचवाला सामोरं जावं लागत नाही, आणि ज्याने रात्री दारं धरली आहेत त्याला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पण ऊन फुकट, पंप फुकटासारखा, आणि जमिनीखालच्या पाण्याला मीटर नाही. म्हणजे वीजनिर्मितीचा धूर वाचला आणि बोअर मात्र आणखी खोल गेलं. हवामानखात्याचा फायदा, भूजलखात्याचा तोटा. दोन्ही खाती वेगळी असल्याने ताळेबंद जुळतो.

पिकाची निवड हा प्रश्न मी तुमच्यासाठी कधीच सोडवून ठेवला आहे. पृथ्वीचं भलं करायचं तर तूर, मूग, उडीद, हरभरा. कडधान्यं स्वतःचं नत्र हवेतून स्वतः घेतात, पाणी कमी मागतात, जमीन सुधारून जातात. हवामानबदलावरच्या कुठल्याही भाषणात ही पिकं पहिल्या रांगेत असतात. आणि मे 2021 मध्ये तुरीची आयात मोकळी केली. डिसेंबर 2023 मध्ये पिवळ्या वाटाण्याचं आयातशुल्कही काढलं. डाळ महागली की बोट येते, तूर पडली की शेतकऱ्याला धीर येतो. म्हणजे धरावा लागतो.

ज्वारी-बाजरीचंही तेच. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी अर्थसंकल्पात त्यांना श्रीअन्न हे नाव मिळालं. आधी श्री मिळाली, भाव मागाहून येईल. तोवर रेशनवर गहू-तांदूळ आहेत, ते घेऊन या.

सोयाबीन घेणार असाल तर 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, हे घरात लिहून लावा. त्या हंगामात बाजारात तो फार कमी जणांना भेटला. सरकारी खरेदी केंद्रावर मालाचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर चालत नव्हता. काढणीच्या तोंडावर पाऊस पडतो, हा हवामानबदलाचा विषय झाला, खरेदी केंद्राचा नव्हे. पुढे नोव्हेंबरात ही मर्यादा 15 टक्के केली. ज्यांना देणी लांबवता आली, त्यांना ती उपयोगी पडली.

मग काय लावायचं? अहो, ऊस. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान भाव आहे, कायदा पाठीशी आहे, ऊस दिल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत असा 1966 चा आदेश आहे, आणि कारखान्याची गाडी फडापर्यंत येते. (14 दिवस कोणत्या कॅलेंडरचे, हे कारखान्यावर अवलंबून.) तुरीमागे भाषण आहे, उसामागे साखर आयुक्त आहे. तुम्ही कुठे झुकाल? आणि आता तर ऊस लावणं हे हवामानकार्य झालेलं आहे, कारण उसापासून इथेनॉल, इथेनॉल पेट्रोलमध्ये, आणि 20 टक्के मिश्रणाचं 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच, 2025 मध्ये गाठलं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात लिहिलंय की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला साधारण 2860 लिटर पाणी लागतं. हा आकडा वाचून घाबरू नका. पाणी लातूरचं जातं, धूर दिल्लीचा वाचतो, देश एकच आहे. 2016 च्या उन्हाळ्यात त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. जिल्ह्यात साखर कारखाने होते, फक्त प्यायचं पाणी नव्हतं. रेल्वे येऊ शकते हे एकदा सिद्ध झालंय, तेव्हा बिनधास्त लावा.

इतकंच की हवामानकार्य अधूनमधून स्थगित होतं. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, कारण पाऊस कमी झाला होता आणि साखर कमी पडेल अशी भीती होती. मग थोडी सूट दिली, मग पुढच्या वर्षी मनाई उठवली. हवामान बदललं म्हणून हवामानाचा कार्यक्रम थांबवावा लागला, याला धोरणातली लवचिकता म्हणतात.

पंजाबातल्या तुमच्या भावाकडून थोडं शिका. भूजल वाचावं म्हणून 2009 च्या कायद्याने त्याची भातलावणी जूनमध्ये पुढे ढकलली. लावणी उशिरा म्हणून कापणी उशिरा, आणि गव्हाची पेरणी तोंडावर. मधल्या दिवसांत खुंट काढायला ना मजूर परवडतो ना वेळ उरतो, म्हणून तो काडी ओढतो. मग त्याला दंड. नोव्हेंबर 2024 पासून पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला 30,000 रुपये. पाणी वाचवल्याबद्दल शाबासकी आणि धूर केल्याबद्दल दंड, दोन्ही त्याच रानाला. आता शाबासकीची पावती दाखवून दंड माफ होतो का, ते कुणीतरी विचारून बघा.

नुकसान झालंच, तर तेही निकषात बसवून करून घ्या. आपत्तीच्या मदतीसाठी 33 टक्के नुकसान लागतं. 32 टक्के झालं असेल तर ती आपत्ती नाही, तो तुमचा निष्काळजीपणा. केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी 8500 रुपये, म्हणजे एका आरला 85, तेही दोन हेक्टरपर्यंत. विम्याचं आणखी सोपं झालंय. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा मिळाला. त्यात बोगस अर्जांचा पूर आला, आणि 2025 च्या खरिपापासून ती सवलत गेली. बोगस अर्ज करणाऱ्यांचं काय झालं ते सोडा, तुमचा रुपया गेला हे पक्कं. गारपीट झाल्यावर 72 तासांत कळवायचा नियम तुम्ही पाठ केला होता, तोही महाराष्ट्रात विसरलात तरी चालेल, कारण आता भरपाई निवडक रानांतल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. गारा तुमच्या रानात आणि प्रयोग दुसऱ्याच्या रानात, असं झालं तर नशीब म्हणायचं.

ई-पीक पाहणी मात्र चुकवू नका. 15 ऑगस्ट 2021 पासून आपलं पीक आपणच मोबाइलवर नोंदवायचं असतं, रानात उभं राहून, फोटोसकट. रेंज नसेल तर टेकाडावर जा, पण टेकाडावरून तुमचं रान दिसत नाही म्हणून ॲप अडेल, मग खाली या. पीक शेतात उभं आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार आता पिकाला राहिलेला नाही. मदतीला यंत्रणा आहे. हवामानबदलाशी जुळवून घेताना तिने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आणि कृषी सहायकाचं सहायक कृषी अधिकारी.

कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे तुम्ही साठवलेल्या कार्बनचं श्रेय कंपन्यांना विकणारे, तुमच्या बांधावर आले असतील किंवा येतील. बांबू लावा, नांगरट कमी करा, मातीत कार्बन साठवा, पैसे देऊ, असं सांगतील. करारनामा जाड असतो. सही करण्याआधी पैसे कधी आणि किती हे विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर चहा पाजून लावून द्या.

राहता राहिलं नेट झिरो, 2070 चं. त्याचे लाभ तुमच्या खात्यावर जमा होतील का, असं मला कोणी विचारलं तर मी आधी वय विचारतो. पीएम किसानचा नियम बघा: 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आलेल्याला लाभ नाही, अपवाद एकच, मालक वारल्यानंतर वारसाने आलेली जमीन. तेव्हा पोरांची, आणि असतील तर नातवंडांची, आधार कार्डं आजच ओळीने लावून ठेवा. नावातलं स्पेलिंग आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर एकच आहे ना ते तपासा. एका वेलांटीसाठी पोरांना पुन्हा तहसीलला हेलपाटे नकोत.