मिन्यान जमत नाही, म्हणून मशीद संपली का?

अलिबागच्या इस्रायल आळीतील ‘मागेन अबोथ’ या सिनेगॉगविषयी, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाविषयी (इथले यहुदी त्याला मशीदच म्हणत), बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानावर पडते: “आता तिथे उरलंय कोण?” त्यामागची हळहळ खरी असते, पण तिच्यात दडलेले गृहीत मला पटत नाही. प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुषांचे मिन्यान जमेनासे झाले की सिनेगॉग संपले, आणि सिनेगॉग संपले की तिथला समाजही संपला, असे ते गृहीत आहे. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचा, नाही; फार तर शेजारी म्हणता येईन. तरीही शेजाऱ्याच्या हक्काने थोडे लिहितो.

या समाजाने आपला धर्म कित्येक पिढ्या सिनेगॉगशिवायच जपला, हे आपण विसरतो. परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या मोजक्या कुटुंबांपासून हा समाज वाढला. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. शाब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ची प्रार्थना एवढ्या शिदोरीवर किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी गावोगावची घराणी यहुदी राहिली. योम किप्पूरला, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, त्यांनी दिलेले नाव तर मला फार बोलके वाटते: ‘दारफाळणीचा सण’. इतर देशांतले यहुदी जो दिवस सिनेगॉगमध्ये काढतात, तो इथे घराची दारे लावून घेऊन उपवासात काढला जाई. धर्म घरात होता, कारण घराबाहेर त्याला जागाच नव्हती.

ती जागा 1796 मध्ये मुंबईत मांडवीला झाली. कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ‘शआर हारहमीम’ हे सिनेगॉग उभारले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधवलेले ‘ओहेल डेव्हिड’ मात्र ‘लाल देऊळ’ झाले. (एकाच धर्माचे प्रार्थनास्थळ एका शहरात मशीद आणि दुसऱ्या शहरात देऊळ होते, आणि कोणालाही त्यात खटकत नाही, हे मला आजच्या दिवसांत मुद्दाम नोंदवावेसे वाटते.) या समाजाचे पहिले सिनेगॉग मुंबईतच का झाले, याचे उत्तर मला त्या काळच्या स्थलांतरात दिसते. फौजेत आणि कचेऱ्यांत नोकरीसाठी गाव सोडून आलेल्या माणसाला मुंबईत आपली आळी नव्हती. लग्न कुठे लावायचे, सणाला कोणाला भेटायचे, तंटा कोणापुढे न्यायचा, ही उणीव मशिदीने भरून काढली. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे इथेही सिनेगॉगे झाली.

तेव्हापासून सिनेगॉगचे काम सतत बदलत आले आहे, आणि ते बदल सगळेच गोड नव्हते. बगदाद आणि आसपासच्या प्रदेशातून व्यापारासाठी आलेले बगदादी यहुदी बेने इस्रायलींना बराच काळ बरोबरीचे मानत नसत; आज त्याच बगदाद्यांनी बांधलेल्या मुंबईतील सिनेगॉगांत प्रार्थनेला माणसे हवी असली, तर भिस्त बेने इस्रायलींवर असते. भायखळ्याच्या ‘मागेन डेव्हिड’ शेजारच्या ससून शाळेत आता बहुसंख्य मुले मुस्लिम आहेत. 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी यहुदी संस्था स्थापन केली, तेव्हा स्त्रियांनी गॅलरीत बसून फक्त ऐकायचे का, हा प्रश्न इथे मुंबईतच उघडपणे विचारला गेला. त्यांचे श्रेय आपण पुरेसे दिलेले नाही, असे माझे मत आहे.

1948 नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला. सुमारे वीस हजारांच्या या समाजातून मागे उरलेले आज देशभरातील इतर यहुद्यांसह मोजले तरी चार-पाच हजारांच्या आसपास भरतात. तिकडे गेल्यावर त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली, विवाहाला धर्मपीठाने आडकाठी केली, आणि आंदोलन झाल्यावर 1964 मध्ये ती दूर झाली. मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट याच्या पुढची आहे. दिमोना, अश्दोद, लोद इथे बेने इस्रायलींनी आपली स्वतंत्र सिनेगॉगे चालवली. तिथे यहुदी असणे ही काही वेगळी ओळख नव्हती. उणीव होती ती कोकणाची. त्यामुळे जी वास्तू मुंबईत यहुदीपण सांभाळत होती, तीच तिथे मराठीपण सांभाळू लागली. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, खजूर आणि फळे मांडून एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने केलेला मलिदा तिथल्या समाजाने सोडला नाही.

म्हणूनच कोकणातील सिनेगॉगांना केवळ ‘वारसा’ हे लेबल लावून मोकळे होण्याचा उत्साह मला थोडा घाईचा वाटतो. काळा घोड्याच्या ‘केनेसेथ एलियाहू’ची डागडुजी उत्तम झाली, तिला 2019 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला, आणि तो निळा रंग पाहून मीही थांबलो होतो. परंतु तिथे अजून प्रार्थना होते, ती पाहण्याची वस्तू नव्हे, हे फोटो काढणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. 2008 मध्ये मुंबईतील नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर झालेल्या हल्ल्यानंतर या वास्तूंच्या दारावर पहारा आला. त्याविषयी कुरकुर करणाऱ्यांनी तोही संदर्भ आठवावा.

अलिबागच्या दारात आजही अश्दोदहून आलेले एखादे कुटुंब उभे राहते. आजोबांचे गाव कोणते, त्यांचे घर कुठे होते, दफनभूमीतला मराठी आणि हिब्रू अक्षरांचा दगड कुठे सापडेल, हे ते तिथे विचारतात, आणि मग अलिबागजवळच्या खंडाळे गावातील एलियाहू हनाबीच्या खडकाकडे निघतात. दहा माणसांची मोजदाद त्यांच्यापैकी कोणी करत नाही. त्या कुटुंबाला दार उघडून देणारा, किल्ली बाळगणारा आणि दोन शब्द मराठीत बोलणारा माणूस तिथे असणे, हे काम मला आज मिन्यानाइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि त्याच्या पगाराची सोय हा वारशाच्या कोणत्याही चर्चेत पहिला विषय असायला हवा.