रूळ गेले, वाट राहू द्या

काल बाबा सहा किलोमीटर चालले. तीन जाताना, तीन येताना. गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच महिने झालेत. तेव्हापासून कुठे निघायचं म्हटलं की चढ किती, पायऱ्या किती, बसायला मिळेल का, हे तीन प्रश्न आधी येतात. तोच माणूस काल मध्येच म्हणाला, "एवढं आलोय तर बोगद्यापर्यंत जाऊ." तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

ही वाट म्हणजे बंद पडलेला रेल्वेमार्ग. रूळ उचलले, स्लीपर काढले, खालचा भराव तसाच ठेवून वर डांबर घातलं. मी ग्रुपवर फोटो टाकले तर लगेच एकाचं उत्तर आलं, "सपाट तर आहे सगळं, यात काय चालायचं?" मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

कारण ती वाट सपाट नाहीच. कडेला रेल्वेचा एक जुना खांब अजून उभा आहे. त्यावर चढ दाखवणारी पाटी आहे आणि रंग उडालेला आकडा आहे, १००. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. असेच तीन किलोमीटर गेलात तर तीस मीटर चढता, साधारण दहा मजले. बाबा दहा मजले चढले आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही!

हे आपोआप होत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं ते घर्षण कमी म्हणून. त्यामुळेच शेकडो टन वजन एक इंजिन ओढू शकतं, आणि त्यामुळेच चढ जरा वाढला की चाकं जागच्या जागी घसरायला लागतात. म्हणून आखणी करणाऱ्यांनी डोंगर आला तर कापला, दरी आली तर भराव घातला, वळणं लांबलचक घेतली. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी बाराला एक हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी मानतात. इथे शंभराला एक. इंजिनासाठी केलेली ती मेहनत आज दुखऱ्या गुडघ्याला, बाबागाडीला, पहिल्यांदा सायकल शिकणाऱ्या पोराला मिळते आहे.

बोगद्याच्या अलीकडे वाट खडकात खोल शिरते. दोन्ही बाजूंना कापलेला कातळ, त्यातून पाणी झिरपतंय, नेचे उगवलेत. त्या कातळावर वरून खाली सरळ, अर्धगोल खाचा आहेत. सुरुंगाची दारू भरायला पाडलेल्या भोकांचं उरलेलं अर्धं अंग. बाबांनी एका खाचेत चार बोटं ठेवली, बरोब्बर बसली. बराच वेळ ते तसेच उभे होते. "हे हातानं केलंय रे," एवढंच म्हणाले.

आता डांबराबद्दल. पळणाऱ्यांना डांबर आवडत नाही, पायाला कडक लागतं, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पावसानंतर मुरमाच्या वाटेवर व्हीलचेअर ढकलून बघा. मधोमध डांबर आणि एका कडेला हातभर मातीची पट्टी ठेवली तर दोघांचंही भागतं. माझी खरी तक्रार वाट अडवणाऱ्या खांबांबद्दल आहे. वाट जिथे रस्ता ओलांडते तिथे मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून खांब इतके जवळ रोवलेत की व्हीलचेअर अडकते. काल एका बाईंच्या मुलाला खुर्चीतून उचलून पलीकडे नेऊन परत बसवावं लागलं. चढाची अडचण ज्यांच्यासाठी संपली होती, त्यांच्याच वाटेत हे रोवलं.

आणि एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. मार्ग बंद झाला की त्याचे तुकडे करू नका. ब्रिटनमध्ये रेल्वेचा खर्च कमी करण्यासाठीच्या १९६३च्या बीचिंग अहवालाने सुमारे ८,००० किलोमीटर रेल्वेमार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करायला सुचवलं. त्यानंतर कित्येक ठिकाणी जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली, मध्येच घरं आणि रस्ते आले. जिथे पट्टा टिकला तिथे काय होतं ते ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधल्या वाटेवर दिसतं. १९७९ ते १९८६ या काळात बांधलेली, सुमारे २१ किलोमीटरची, डांबरी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला एलरॉय-स्पार्टा मार्ग १९६७मध्ये चालण्या-सायकलीसाठी खुला झाला, तीन बोगद्यांसकट. पुढे १९८३मध्ये अमेरिकेत कायद्यानेच सोय झाली: गाड्या थांबल्या तरी पट्टा अखंड राखायचा, तोवर त्यावर वाट करायची, उद्या लागली तर रेल्वे परत आणायची. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. डोंगर एकदा कापून झालाय, पूल एकदा बांधून झालाय. मधला पाव किलोमीटर विकला तर उरलेल्या वीस किलोमीटरची वाट होत नाही, आणि तो पाव किलोमीटर परत मिळवणं जवळपास अशक्य असतं.

ज्यांना शिखरं चढायची त्यांनी जरूर चढावीत, मीही चढतो. पण सोपी वाट कमी दर्जाची असते असं म्हणू नका. ज्याला पाच महिन्यांत कोपऱ्यापर्यंतही नीट जाता आलं नाही, त्याच्याशेजारी एकदा तिथून चाला.

बोगद्याच्या तोंडाशी गार वारा येत होता. छताला इंजिनांच्या धुराची काजळी अजून आहे. पलीकडचं तोंड नाण्याएवढं दिसत होतं. आत दिवे नाहीत, म्हणून काल तिथूनच वळलो. बाबांनी आज सकाळी माळ्यावरची जुनी बॅटरी शोधून काढलीये, सेल घालून बघितले, लागते आहे.