चार वेळा गरम केलेली पेज

आज कुडाळला लग्नाला गेले होते. घरी येऊन साडी बदलली, तोंडावर पाणी मारलं, चहा झाला, तरी डोकं शांत होत नाही म्हणून लिहायला बसलेय. ताईला आणि तिच्या लेकीला, बायला, विचारलंय. दोघीही लिही म्हणाल्या.

पंगत बसली होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, सोलकढी. बाय आमच्या दोघींच्या मधे. वाढपी वडे घेऊन आला आणि बायने पानावर हात आडवा धरला नाही. एक वडा घेतला. दीड वर्षात तळलेलं काही तिने स्वतःहून घेतलं नव्हतं. वड्याची कड मोडली, सांबाऱ्यात बुडवली. टेबलाखाली ताईने माझी बोटं इतकी घट्ट धरली होती की अंगठी रुतली.

तेवढ्यात समोरच्या रांगेतून एक काकी ओरडल्या, "काय गो, चेडवाक खावक घालतंस की नाय? निस्ती हाडां रवलीत!"

अख्खी पंगत वळून बघायला लागली. कुणी हसलं. कुणी म्हणालं, आजकालच्या पोरींचं हे फॅड. एकीने सल्ला दिला, दोन महिने दाबून घाल, बघ कशी भरते.

बायने तो तुकडा पानाच्या कडेला ठेवला, बोटं पुसली आणि मांडीवर हात घेऊन बसून राहिली. ताई काही बोलली नाही. मीही बोलले नाही, लग्नघर होतं. आता बोलतेय.

ॲनोरेक्सिया म्हणतात त्या आजाराला. जाड होण्याच्या भीतीने माणूस स्वतःला उपाशी ठेवत जातो. फॅड नाही, नखरे नाहीत, प्रेमभंग नाही, बाहेरचं काही नाही. आजार आहे आणि जीव घेणारा आजार आहे. आणि ज्या बाईला आज तुम्ही भर पंगतीत विचारलंत ना, लेकीला खायला घालतेस की नाही, ती काय घालते ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी जुलै. वेंगुर्ल्यात ताईच्या घरी होते. रात्री नऊला बायपुढे वाटीभर पेज ठेवली. उकड्या तांदळाची, वर थोडं तूप, बाजूला लोणचं. पाऊस असा की खिडक्या वाजत होत्या. साडेनऊला लाइट गेली. दहाला पेज गार झाली, ताईने उठून गरम करून आणली. पावणेअकराला परत. बॅटरीच्या उजेडात दोघी समोरासमोर. बाय रडत होती, मधेच ओरडत होती, आणि ताई एकच वाक्य दर थोड्या वेळाने म्हणत होती, "मी हयच बसलंय बाय. घाई नाय." चार वेळा गरम झाली ती पेज. पावणेएकला वाटी रिकामी झाली. आणि हे एका जेवणाचं. दिवसाला अशी तीन जेवणं आणि वर दोन-तीन वेळचं मधलं खाणं, रोज, महिनोन्‌महिने. पहाटे पाचला उठून ताई परत तांदूळ धुवत होती.

त्या काकींना ही वाटी दाखवायची आहे मला.

लक्षात कधी आलं? उशिरा. दहावीनंतरच्या श्रावणात बायने सोमवार धरले, मग शनिवार, मग संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार. सगळ्यांनी कौतुकच केलं, किती धार्मिक पोर! उपासाचंही ती खात नव्हती हे कुणी पाहिलं नाही. त्याच दिवसांत तिला रांधायचा नाद लागला. शिरवाळे करायची, घावणे करायची, सगळ्यांना आग्रहाने वाढायची आणि स्वतः फक्त बघत बसायची. पाककृतींची तर वही भरली तिची. गोव्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं तेव्हा उमगलं. अमेरिकेत, मिनेसोटाच्या विद्यापीठात, १९४४-४५ साली ३६ धडधाकट पुरुषांना सहा महिने जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना परत कसं खायला घालायचं ते शिकण्यासाठी. ते स्वतःहून तयार झालेले तरुण. त्यातले कितीतरी जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, ताटं चाटायला लागले, चिडके झाले, माणसांतून उठले. म्हणजे उपासमारच माणसाला असं करते. आमची बाय हट्टी होती म्हणून तशी वागत नव्हती. पोट रिकामं होतं म्हणून हट्टी झाली होती, आणि पोट भरू द्यायचं नाही हेच तर त्या आजाराचं काम.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ती पडवीत स्वेटर घालून बसायची. वेंगुर्ल्यात, मे महिन्यात! हातांवर बारीक लव आली होती, पाळी थांबली होती. आधी एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी लग्नाचं वय झालं की होईल ठीक म्हणून सांगितलं. देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. त्याला मी नावं ठेवणार नाही, त्या दिवसांत ताईला उभं राहायला तेवढाच आधार होता. पण या आजाराचं नाव घेणारा माणूस भेटायला आठ महिने गेले.

आणि त्या आठ महिन्यांत प्रत्येकाचं बोट ताईकडे. नोकरी करते म्हणून. लाडावलं म्हणून. धाक लावला म्हणून. एकाच बाईने एकाच वेळी लाडही केले आणि धाकही लावला, आणि कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही.

हा दोष नवा नाही म्हणा. सर विल्यम गल नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १८७४ साली या आजाराला नाव दिलं आणि त्याच लेखात लिहून ठेवलं की अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक आणि मित्र बहुधा सगळ्यांत वाईट. पुढची शंभर वर्षं पोरं आईबापांपासून लांब ठेवली गेली. मग १९८०च्या दशकात त्याच लंडनमधल्या मॉड्स्ली हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी उलट वाट धरली. आईबाप आजाराचं कारण नव्हेत, औषध आहेत असं धरून चालायचं. सुरुवातीला ताटाची सगळी सूत्रं त्यांच्या हातात. काय, किती, कधी ते त्यांनी ठरवायचं आणि खाऊन होईपर्यंत शेजारी बसायचं. वजन सावरलं की हळूहळू ताट परत मुलाच्या हाती द्यायचं. किशोरवयीन मुलांसाठी आज जगभर हाच उपचार आधी सुचवतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा ताई तिथे खुर्चीतच रडायला लागली. वर्षभरात तिला "तुझा दोष नाही" म्हणणारं ते पहिलं माणूस.

ती पेज म्हणजे तो उपचार. वाटीतलं औषध.

आणि हो, "दाबून घाल" म्हणणाऱ्यांसाठी. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं, हृदय बंद पडू शकतं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. तुमचा तो पंगतीतला सल्ला माणूस मारू शकतो. बरं, हाडं दिसली तरच आजार असंही नाही. चांगल्या भरल्या अंगाची पोरंही खाऊन गुपचूप ओकतात, त्यांच्या शरीरातलं पोटॅशियम उतरतं, आणि त्यांच्या आईला तर कुणी विचारतही नाही. मुलगेही असतात यात.

मान्य, "जेवलंस काय" हा आपला नमस्कार आहे आणि काकींच्या मनात वाईट काही नसेल. मान्य, काही घरांत जेवणावरून, रंगावरून, जाडीवरून पोरांना नको ते बोललं जातं. पण म्हणून माझ्या ताईला पंगतीत उभं करायचा हक्क कुणाला मिळत नाही.

जॅनेट ट्रेझर म्हणून लंडनच्याच एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत. घरच्यांना समजावताना त्या प्राण्यांची उदाहरणं देतात. कुणी गेंड्यासारखं अंगावर जातं, कुणी शहामृगासारखं वाळूत डोकं खुपसतं, कुणी कांगारूसारखं पिल्लाला पिशवीतच ठेवतं. व्हायचं असतं डॉल्फिन, कधी पुढे पोहून वाट दाखवायची, कधी बाजूने चालायचं, कधी मागून हळूच ढकलायचं. आमचे भावोजी पहिले सहा महिने शहामृग होते. दिवसभर काजूच्या बागेत, रात्री उशिरा घरी. मला राग यायचा त्यांचा. डॉल्फिनचं ऐकलं आणि एका रविवारी ते बायला घेऊन निवतीला गेले, पर्यटकांच्या होडीतून डॉल्फिन दाखवायला. येताना दोघांनी किनाऱ्यावर चहा घेतला. बायने बिस्किट खाल्लं, हे त्यांनी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज फुटला होता.

पण ताई काय आहे ते मला कुठल्याच प्राण्यात बसवता येत नाही. तिचे केस गळलेत. वर्षभर तिने सलग चार तास झोप घेतलेली नाही. जेवण झाल्यावर तासभर बायला एकटं सोडायचं नसतं, संडासात जाऊ द्यायचं नसतं, म्हणजे त्या तासात हिला साधं पडताही येत नाही. धाकट्याची शाळा, सासूबाईंची औषधं, स्वतःची नोकरी त्यातच. तिला कोण विचारतं, तू जेवलीस का?

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

त्या जुलैच्या रात्री, पेज तिसऱ्यांदा गरम करून ताई आली तेव्हा मीच म्हणाले, "सोड गो ताई. एक रात्र नाय जेवली तर काय होता?" दमले होते. बायचं रडणं ऐकवत नव्हतं. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायने मात्र बघितलं, आणि त्या बघण्यात सुटका होती. पुढचा एक तास त्यामुळे वाढला. माझ्या त्या एका वाक्यामुळे चौथ्यांदा पेज तापवावी लागली. माया होती माझी, आणि ती आजाराच्या बाजूने जाऊन बसली.

म्हणून काकींवरचा राग लिहिता लिहिता थोडा उतरलाय. पूर्ण नाही.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर वजनावर, अंगावर काही बोलू नका. "बरी दिसतेस हं आता" हेही नको, त्या पोरीला त्यातून "जाडी झालीस" एवढंच ऐकू येतं. धाकट्याला शाळेतून आणा. बाजारातून मासे आणून, साफ करून द्या. आईला घेऊन अर्धा तास समुद्रावर बसा आणि बायचा विषय काढू नका. आणि कुणाला कुठे फोन करायचा ते कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आईबापांनीसुद्धा स्वतःसाठी करावा.

मघाशी ताईला फोन केला. बायने रात्री काय खाल्लं विचारलं. भात-आमटी, सव्वा तास लागला. वड्याचा विषय तिनेच काढला, म्हणाली आई, परत कधीतरी घरीच करूया. मी ताईला म्हटलं, उद्या सकाळच्या एसटीने येतेय, काय आणू? कोकमं? फणस?

"काय हाडू नको," ती म्हणाली. "दुपारी जेवल्यावर तू तासभर बायवांगडा बस. माका निजाक होया."