टिपचे पैसे शेठच्या खात्यात का जातात?

अमरावती-अकोला मार्गावरच्या ढाब्यांपासून तालुक्याच्या बसस्थानकासमोरच्या भोजनालयांपर्यंत आता जवळपास प्रत्येक ठिकाणी स्कॅनर आला आहे. ग्राहकांची त्यामुळे सोय झाली हे खरे, परंतु वेटरच्या हातावर पडणारी टिप त्याच स्कॅनरने मालकाच्या खात्यात वळवली आहे. पूर्वी बिल देऊन झाले की बडीशेपच्या ताटलीत दहा-वीस रुपये राहत आणि टेबल पुसणारा मुलगा ते खिशात टाकत असे. आता २८० रुपयांच्या बिलाला लोक ३०० स्कॅन करतात, "वरचे राहू दे" म्हणून उठतात आणि ते वीस रुपये दिवसभराच्या विक्रीत मिसळून जातात. आमच्या भागातल्या एका ढाब्यावर वाढणाऱ्या मुलाला मी याविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काकाजी, थे तं शेठच्या खात्यात गेले. हातात देल्ले तंच आमचे."

हे पैसे शेठचे नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याला आधार सर्वोच्च न्यायालयाचाच आहे. कार्डावरून आलेली टिप हा पगाराचाच भाग असून हॉटेलने त्यावर करकपात केली पाहिजे, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. २०१६ साली आयटीसी कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने ते अमान्य केले. टिप ग्राहक देतो, तिचा नोकरीच्या कराराशी संबंध नाही, आणि ती मालकाच्या हाती आली तरी तो ती केवळ विश्वस्त म्हणून स्वीकारतो, असे त्या निकालात म्हटले आहे. खटला कराचा होता हे मान्य. तरीही विश्वस्ताने ठेव स्वतःच्या नफ्यात धरावी, असा अर्थ त्यातून कोणालाही काढता येणार नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. "टिप मिळते ना, मग पगार कमीच राहणार" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. परंतु उपाहारगृहांतील कामगारांना किमान वेतन लागू आहे आणि ते मालकाने स्वतःच्या पैशातून द्यायचे असते. फुटलेल्या कपबश्यांची भरपाई टिपमधून वळती करून घेण्याची रीतही तितकीच चुकीची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नुकसानीपोटी पगारातूनही मनमानी कपात करता येत नाही; कामगाराचा हलगर्जीपणा असावा लागतो आणि त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. मग जी रक्कम मालकाची नाहीच, तिला हात लावण्याचा प्रश्न येतोच कुठे?

अडचण अशी की, मेळघाटातून किंवा गडचिरोलीकडून आलेली ही मुले बहुधा मालकाकडेच जेवतात, त्याच्याच ढाब्यावर झोपतात आणि अनेकांनी दिवाळीला उचल घेतलेली असते. अशा मुलाने वीस रुपयांचा हिशेब कोणत्या तोंडाने मागावा? म्हणूनच हा हक्क मालकाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपची पूर्ण रक्कम कामगारांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत २०१८ च्या दुरुस्तीनंतर मालकाला, व्यवस्थापकाला वा पर्यवेक्षकाला कामगारांची टिप ठेवून घेता येत नाही. त्याच अमेरिकेत टिप मिळवणाऱ्यांसाठी संघीय कायद्याने ताशी अवघे २.१३ डॉलर रोख वेतन चालते. तो भाग मात्र आपण मुळीच उचलू नये.

वाटणीचा प्रश्न खरोखर अवघड आहे. चुलीच्या धगीत उभा असलेला आचारी आणि मागच्या नळाखाली भांडी घासणारी बाई ग्राहकाला दिसत नाहीत, त्यामुळे ग्राहकाच्या हातून त्यांना काही मिळत नाही. त्यांनाही वाटा मिळावा असे मला वाटते, मात्र तो कामगारांनी आपसात ठरवावा आणि गल्ल्यावर बसणाऱ्याने त्यात भागीदार होऊ नये.

वेतन संहितेखालील नियमांमध्ये शासनाने एवढे तरी स्पष्ट लिहावे: स्कॅनरवर बिलापेक्षा जास्त आलेल्या रकमेची नोंद वेगळ्या वहीत व्हावी, ती आठवड्याच्या आत कामगारांना मिळावी आणि ती वही कामगारांना केव्हाही पाहता यावी. तोपर्यंत आपण बिलापुरतेच स्कॅन करावे आणि टिप रोख, वाढणाऱ्याच्या हातात द्यावी.