जुने पोर्ट कार्डावर हवेत का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून ती सोडून द्यावी असं वाटलं नाही. नव्या ग्राफिक्स कार्डांवरून व्हीजीए आणि डीव्हीआय हे मॉनिटर जोडायचे जुने पोर्ट गेले ते योग्यच झालं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा नवे मॉनिटर खपवण्याचा डाव आहे. एक पत्र्याचा पोर्ट ठेवायला असा काय खर्च येतो? साध्या मदरबोर्डवर आजही व्हीजीए मिळतो, मग महागड्या कार्डालाच काय धाड भरली? आणि 'कन्व्हर्टर (नव्या पोर्टाला जुना मॉनिटर जोडून देणारी डबी) लावा' म्हणणाऱ्यांनी तो कधी वापरलेला नसतो, कारण तुमच्याकडे तो लावल्यावर पडदा मधूनच काळा होतो.

मदरबोर्डपासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. इंटेलने २०१५च्या स्कायलेक पिढीपासून प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समधला अ‍ॅनालॉग आउटपुट, म्हणजे विजेच्या कमीजास्त दाबाच्या रूपातला सिग्नल, काढून टाकला. त्यानंतरच्या बोर्डांवर जो निळा व्हीजीए पोर्ट दिसतो, त्याच्यामागे एक छोटी चिप बसवलेली असते. ती डिजिटल, म्हणजे आकड्यांच्या रूपातला, सिग्नल घेते आणि त्याचा अ‍ॅनालॉग करून पोर्टात सोडते. म्हणजे ज्याला तुम्ही अस्सल व्हीजीए समजता, तोही बोर्डावर सोल्डर केलेला कन्व्हर्टरच आहे. तुमच्या हातातला कन्व्हर्टर तेच काम बाहेर बसून करतो. तेव्हा प्रश्न पत्र्याच्या पोर्टाचा नाहीच, त्याच्यामागच्या सर्किटाचा आहे. ते सर्किट प्रत्येकाच्या कार्डात असावं, की ज्याला लागतं त्याने बाहेर लावावं? माझं उत्तर लेखात होतं तेच आहे: बाहेर लावावं.

का, ते जरा जवळून पाहू. व्हीजीए १९८७मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आला, सीआरटीसाठी, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरसाठी. त्याच्या लाल, हिरव्या, निळ्या तारांवर ० ते ०.७ व्होल्ट इतकाच दाब खेळतो. या ०.७ व्होल्टमध्ये रंगाच्या २५६ छटा बसवायच्या, म्हणजे दोन छटांमधलं अंतर तीन मिलिव्होल्टपेक्षाही कमी. १९२० बाय १०८० रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर चालवलं, की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला साधारण ६.७ नॅनोसेकंद येतात. सीआरटीला याचं काही वाटत नाही, तो येणाऱ्या दाबाप्रमाणे किरण कमीजास्त करतो. आजच्या सपाट एलसीडीला मात्र त्या दाबाचं पुन्हा आकड्यात रूपांतर करावं लागतं, आणि तेही नेमकं पिक्सेलच्या मध्यावर मोजून. तो क्षण थोडा चुकला की अक्षरांच्या कडा पसरतात. मॉनिटरवरचं 'ऑटो अ‍ॅडजस्ट' बटण त्यासाठीच असतं. कार्डात डिजिटलचं अ‍ॅनालॉग करायचं आणि मॉनिटरमध्ये पुन्हा अ‍ॅनालॉगचं डिजिटल, या दुहेरी खटाटोपात चित्राचं नुकसानच होतं. शिवाय असलं अ‍ॅनालॉग सर्किट नव्या पिढीच्या चिपवर डिजिटल भागाइतकं लहान होत नाही. ज्या चिपवर जागेसाठी इतकी ओढाताण चालते, तिथे हा भाग बहुतेकांसाठी निरुपयोगी पडून राहतो.

डीव्हीआयची गोष्ट वेगळी. तो १९९९चा, आणि त्याच्या डिजिटल भागातला सिग्नल आजच्या एचडीएमआय पोर्टाच्या मूळ सिग्नलसारखाच आहे. म्हणूनच एचडीएमआय ते डीव्हीआय केबलमध्ये कुठलीही चिप लागत नाही. त्याच्याविरुद्ध माझा मुद्दा जागेचा आणि वेगाचा आहे. कार्डाच्या मागच्या पट्टीवर तो एचडीएमआयच्या दुपटीहून जास्त रुंदी खातो, आणि पुष्कळ कार्डांत त्याच पट्टीच्या जाळीतून गरम हवाही बाहेर पडते. एवढं करून ड्युअल लिंकमध्ये, म्हणजे तारांचे दोन संच एकदम वापरूनही, तो सेकंदाला ७.९२ गिगाबिट नेतो. ६० हर्ट्झच्या ४के चित्राला, साध्या आठ बिट रंगातही, १२ गिगाबिटच्या आसपास लागतात.

आता 'डाव' या शब्दाकडे येतो. तुमचा संशय अगदीच निराधार नाही. डिसेंबर २०१०मध्ये इंटेल आणि एएमडीने व्हीजीए हळूहळू बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा त्यांच्यासोबत डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी होते. पडदे विकणारेच त्यात होते, हे खरं. पण पुढे काय झालं तेही बघा. एएमडीच्या आर९ २९०एक्स कार्डात २०१३ साली डीव्हीआय राहिला, फक्त त्यातला अ‍ॅनालॉग गेला. एनव्हिडियाने तेच २०१६मध्ये जीटीएक्स १०८०वर केलं. २०१९च्या आरटीएक्स २०६०च्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डावरही ड्युअल लिंक डीव्हीआय होता. शिवाय कार्डावरचा डिस्प्लेपोर्ट, म्हणजे मॉनिटर जोडायचा दुसरा नवा पोर्ट, बहुधा 'ड्युअल मोड'चा असतो, म्हणजे साध्या अ‍ॅडॉप्टरवर तो स्वतःच डीव्हीआयचा सिग्नल देऊ लागतो. लोकांना मॉनिटर फेकायला लावायचा असता तर ही सोय कोणी ठेवली नसती. आणि जुन्यावरच राग आहे म्हणावं, तर व्हर्च्युअललिंक आठवा: २०१८मध्ये व्हीआर हेडसेटसाठी गाजावाजा करून आलेला यूएसबी-सी पोर्ट, एनव्हिडियाने पुढच्याच पिढीत काढून टाकला. तो तर कोरा करकरीत होता. वापरणारे नाहीत म्हटल्यावर पोर्ट जातो, मग त्याचं वय काहीही असो.

तुमच्या काळ्या पडणाऱ्या पडद्याबद्दल मात्र मला खरंच पोटतिडकीने लिहावंसं वाटतं, कारण या बदलात सामान्य वापरणाऱ्याचे सर्वांत जास्त हाल इथेच झाले. तुम्ही लिहिलंय की कन्व्हर्टर एचडीएमआय ते व्हीजीए आहे आणि त्याला वेगळी पॉवर नाही. त्या चिपला वीज मिळते ती एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवरून, आणि त्या पिनवर निदान ५५ मिलिअ‍ॅम्पिअर द्यावेत एवढंच बंधन कार्डावर आहे. चिपला त्याहून जास्त लागले आणि कार्डाने हात आखडता घेतला, की चित्र जातं, परत येतं, पुन्हा जातं. डिस्प्लेपोर्टची पॉवर पिन ३.३ व्होल्टवर ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देते, म्हणून त्यावरचा कन्व्हर्टर सहसा असा रुसत नाही. तुमच्या कार्डावर डिस्प्लेपोर्ट मोकळा असेल तर आधी तो वापरून बघा. नसेल तर बाजूला यूएसबीचं छोटं सॉकेट असलेला एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या आणि त्याला वीज द्याच. घेताना दिशाही तपासा, कारण व्हीजीए ते एचडीएमआय दिसायला तसाच असतो आणि उलटा चालत नाही.

आणखी एक फसगत मी वारंवार ऐकतो: डीव्हीआय ते व्हीजीएचा तो बिनचिपचा छोटा अ‍ॅडॉप्टर. कार्डावरच्या डीव्हीआय पोर्टाच्या एका टोकाला एक आडवी फट असते. तिच्याभोवती चार भोकं असतील तर तिथून अ‍ॅनालॉग मिळतो. भोकं नसतील तर तो निव्वळ डिजिटल पोर्ट आहे. अशा पोर्टात बसवण्यासाठी अ‍ॅडॉप्टरच्या चार पिना मोडणारे लोक आहेत. पिना मोडून तो एखादे वेळी बसलाच, तरी ज्यांवरून चित्र यायचं त्याच पिना गेलेल्या असतात.

तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचं समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. २५६० बाय १४४०चा, फक्त ड्युअल लिंक डीव्हीआय असलेला तुमचा २७ इंची मॉनिटर उत्तम चित्र देतो आणि तरी नव्या कार्डांनी त्याला वाऱ्यावर सोडलंय. साधा अ‍ॅडॉप्टर फक्त सिंगल लिंक देतो, म्हणजे ६० हर्ट्झवर फार तर १९२० बाय १२००. त्यावर तुमचा मॉनिटर कमी रिझोल्यूशन दाखवेल किंवा काहीच दाखवणार नाही. चांगल्या सीआरटीवर जुने गेम खेळणाऱ्यांचंही असंच आहे. ते अ‍ॅनालॉग आउटपुट असलेलं जुनं कार्ड जपून ठेवतात, आणि ते योग्यच करतात. पण या दोन गटांसाठी प्रत्येक कार्डावर ते सर्किट आणि तो रुंद पोर्ट लादावा, हे मला अजूनही पटत नाही.

तुमच्या मॉनिटरसाठी दोनच रस्ते दिसतात. एक, डिस्प्लेपोर्ट ते ड्युअल लिंक डीव्हीआयचा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर. त्याला यूएसबीवरून वीज लागते, तो महाग असतो आणि सगळेच नीट चालत नाहीत, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. दुसरा, आरटीएक्स २०६०सारखं ड्युअल लिंक असलेलं कार्ड वापरलेलं मिळालं तर तेच घेणं. तुम्ही जे गेम सांगितलेत त्यांना ते पुरेसं आहे, आणि तुमच्या जागी मी हाच रस्ता धरला असता. विकणाऱ्याकडून मागच्या पट्टीचा फोटो आधी मागवून घ्या, कारण एकाच नावाच्या कार्डांवर प्रत्येक कंपनी वेगवेगळे पोर्ट देते.